मधोमध लावलेला दिवा

आमच्या मामांना कुणाच्याही घरी नेलं की ते आधी वर बघत. यजमान दारात "या, या" करत उभे, आणि मामांची मान मागे कललेली, नजर छताला. नव्या माणसाला वाटे, यांना पाल दिसली की काय. मग मामा सावकाश चपला काढत, खुर्चीत टेकत आणि माझ्या कानाशी येऊन म्हणत, "शंभराचा बल्ब, वर शेड नाही. इथं माणूस टिकेल का?" एकदा मावसभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. परत येताना बसमध्ये सगळ्यांनी मामांना विचारलं, मुलगी कशी वाटली. मामा म्हणाले, "चांगली असावी. ट्यूबलाइटखाली बसवली होती, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही." मावशीनं बसमध्येच हात जोडले. लग्न मात्र जमलं आणि मुलगी खरोखरच चांगली निघाली.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. देवळाली कॅम्पात लष्कराच्या गोदामात कारकून होते. सकाळी नाशकाहून बसनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे. अधूनमधून साहेब लोकांच्या बंगल्यांतल्या सामानाची मोजदाद करायला त्यांना जावं लागे आणि तिथंच हे वेड लागलं. "तिथं जेवायचा दिवा वेगळा, वाचायचा वेगळा, नुसतं बसून बोलायचा वेगळा. आणि आपल्याकडं?" असं ते विचारत, आणि उत्तराची वाट न बघता चिमणीच्या गोष्टीला हात घालत.

चिमणी म्हणजे रॉकेलची, पत्र्याच्या डबीला वात लावलेली. वणीजवळच्या खेड्यात, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, मामांच्या लहानपणच्या घरात तेवढाच एक दिवा होता. "चिमणी एकच. ती वडिलांच्या ताटाजवळ. आई चुलीच्या जाळावर भागवायची. मी वडिलांच्या खांद्यावरून पुस्तक पुढं करून धडा वाचायचो. वडिलांचं जेवण होईतो माझा अभ्यास. म्हणून मी आईला म्हणायचो, त्यांना अजून एक भाकरी वाढ." इथे ऐकणारे हसत, मामाही हसत. आम्ही ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मामा श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य आम्ही म्हणत असू. पण ती नीट कुणीच ऐकली नव्हती. सांगणाऱ्यानंही नाही.

सत्तरच्या दशकात मधेच कधीतरी मामांनी गंगापूर रोडच्या बाजूला एका कॉलनीत प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. तेव्हा तिथं शेजारी द्राक्षांचा मळा होता आणि रिक्षावाला यायला कुरकुर करायचा. आमच्या सगळ्या नातेवाइकांत सिमेंटच्या स्लॅबचं पहिलं घर ते. मी वणीहून कॉलेजसाठी नाशकात येऊन होस्टेलवर राहत होते. रविवारी मामा मला प्लॉटवर घेऊन जायचे. विटा, वाळू, सळ्या यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे, ते सगळं त्यांनी मिस्त्रीवर सोडलं होतं. घर भिंतींनी बांधतात हे त्यांना मान्य होतं, पण त्याचं घर होतं ते दिव्यांनी, असं त्यांचं पक्कं मत होतं.

दिवा निवडायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. "दिवा निवडायचा तर आधी अंधार बघायला लागतो," ते म्हणत. भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या गेल्या, की संध्याकाळी मजूर गेल्यावर मामा एकेका खोलीत जायचे. फळ्यांना टेकू दिलेल्या बल्ल्यांच्या गर्दीत एक घमेलं पालथं घालायचं, त्यावर बसायचं आणि अंधार पडू द्यायचा. या खोलीत माणूस काय करणार, कुठे बसणार, तोंड कुठे, पाठ कुठे, याचा विचार करायचा. मग उठून काठीला बांधलेल्या खडूनं वरच्या फळीवर फुली मारायची. तिथं दिव्याचा पॉइंट. दुकानदारांनी त्यांचा धसका घेतला होता. मेन रोडवर दिव्यांच्या दुकानात मामा शिरले की मालक पोऱ्याला म्हणे, "चहा सांग, वेळ लागंल."

व्हरांड्यासाठी त्यांनी दुधी काचेचा लहानसा गोल घेतला. "आलेल्याचा चेहरा आपल्याला दिसला पाहिजे आणि आपला त्याला. नुसता त्याच्या डोळ्यांत उजेड मारला तर ती चौकी झाली." हॉलसाठी पितळी साखळीला टांगलेली तीन काचेची फुलं, कॅम्पातल्या जुन्या बाजारात कुठल्याशा बंगल्यातून आलेली. एका फुलाची पाकळी उडाली होती, ती बाजू त्यांनी भिंतीकडे केली. सुधीरच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, अभ्यासाच्या खोलीत हिरव्या पत्र्याच्या टोपीचा दिवा, टेबलावर खाली उतरलेला. झोपायच्या खोलीचा पॉइंट ठरवायला तर ते सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून चक्क उताणे झोपले. "उताण्या माणसाच्या डोळ्यांत दिवा येता कामा नये." तिथली फुली त्यांनी मधून सरकवून कपाटाच्या बाजूला नेली.

सगळ्यात गंमत बेसिनची. खोल्यांमधल्या बोळात बेसिन आणि वर आरसा येणार होता. वायरमन सलीमभाई म्हणाले, "मामा, बोळाच्या मधी एक दिवा टाकतो, बेसिनला पण चालंल." मामा भिंतीसमोर उभे राहिले, गाल फुगवला आणि हवेत दाढी करायला लागले. करता करता मान हलवली. "नाही चालणार. दिवा पाठीशी आला की आपलीच सावली आपल्या गालावर पडते. दिवा समोर पाहिजे, आरशाच्या वर." मी आणि सलीमभाई हसून हसून वाकलो. मामा मात्र तशाच गंभीरपणे दुसऱ्या गालाची दाढी पुरी करून मगच थांबले.

स्वयंपाकघरातही ते बसले. आत गेले, खोलीच्या मधोमध घमेलं ठेवलं, दाराकडे तोंड करून मांडी घातली आणि समोर ताट असल्यासारखा उजवा हात टेकवला. इथं फार वेळ लागला नाही. डोक्यावर बघितलं आणि म्हणाले, "मधोमध."

दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी आमच्याकडे कामावरच्या सगळ्यांना जेवण असतं. बाहेर तीन दगड मांडून मामी मोठ्या पातेल्यात मटण ढवळत होती. मामी दिंडोरीकडच्या खेड्यातली. उंच, काटक, बोलायला थोडी, आणि बोलली तर गावचंच बोलायची. मामांच्या कॅम्पातल्या मोठ्या मोठ्या गोष्टी ऐकताना तिच्या तोंडावर एक बारीक हसू असे. मामांनी तिला हाक मारली, "अगं, काँक्रीट पडायच्या आधी एकदा बघून घे. नंतर म्हणशील, मला विचारलं नाही." मामीचे दोन्ही हात मसाल्यानं भरलेले. ती दारापर्यंत आली, वरच्या फुलीकडे बघून म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही बघितलंय ना, बास." आणि पातेलं लागेल म्हणून परत पळाली. सलीमभाईंनी वायरींसाठी पाइप बांधले, फुल्यांवर दिव्यांचे डबे बसवले आणि बजावलं, "मामा, आज बोला. उद्या देव आला तरी पॉइंट हलणार नाय." मामा खुशीत म्हणाले, "हलवायचं कारणच नाही." दुपारपर्यंत सगळ्या फुल्यांवर काँक्रीट पडलं.

राहायला गेले त्या संध्याकाळी बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मामांनी आधी मेणबत्त्या लावायला लावल्या, मग पाहुण्यांना एकेका खोलीत नेऊन बटण दाबलं. प्रत्येक खोलीत त्यांचं छोटंसं भाषण. एकही वायर भिंतीवर दिसत नव्हती, सगळी आतून गेलेली, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. "भिंतीवर वायर म्हणजे तोंडावर ओरखडा," ते म्हणत. स्वयंपाकघरात मधला दिवा लागला तेव्हा खालच्या पाटावर, ताटावर, तांब्यावर इतका स्वच्छ उजेड पडला की माझी आई म्हणाली, "दादा, ताटातलं मीठसुद्धा दिसतंय." मामांचे डोळे भरून आले. वडिलांची आठवण झाली असणार.

पुढे मला नाशकातच शाळेत नोकरी लागली. सुधीर तोवर भिलाईला गेला होता, त्याची खोली रिकामी होती, म्हणून मी मामांकडे राहायला आले. हिरव्या टोपीच्या दिव्याखाली मी वह्या तपासायची. इतका चांगला दिवा मला त्यानंतर मिळालेला नाही. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी मामीला मदत करायला संध्याकाळी ओट्याशी उभी राहिले, मेथी चिरायला घेतली आणि सुरी बोटाला लागली. मला वाटलं व्होल्टेज उतरलंय. वर बघितलं तर दिवा ठीक होता. पण तो माझ्या पाठीमागे होता. ओटा भिंतीला लागून, आणि ओट्यावर माझी भलीमोठी सावली. मेथी, पाट, माझे हात, सगळं त्या सावलीत.

"मामी, इथं तर काहीच दिसत नाही गं!"

"दिसतंय की. सवय झाली म्हंजे दिसतं," मामी म्हणाली. "दिवा पाठीशी हाय, हात पुढं हायेत. आता काय करायचं? हातालाबी डोळे असत्यात." आणि तिनं माझ्या बोटावर हळद दाबली.

मामांची जेवायची जागा ठरलेली होती. मधोमध, दिव्याखाली, तोंड दाराकडे. म्हणजे मामी ओट्याशी भाकरी करतेय आणि मामांची पाठ तिच्याकडे. इतकी वर्षं त्या दोघांनी त्या खोलीत घालवली, पण मामांनी तिला काम करताना बघितलंच नव्हतं. त्यांना दिसायचं ते फक्त बांगड्यांचा आवाज करत शेजारून येणारं वाढप.

आणि तांदूळ रेशनचा. तो ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. मामी दुपारी व्हरांड्यात उन्हाला बसून सूप हलवत तांदूळ निवडायची. तरी धुताना पुन्हा एकदा हात फिरवावा लागतो, पातेल्याच्या तळाशी बसलेला पांढरा खडा तिथंच सापडतो. तो त्या सावलीत कसा सापडणार? थंडीत तर पहाटे उठून मामांचा डबा करायचा, बाहेरही काळोख आणि आतही. आठवड्यातून एकदा तरी मामांच्या दाताखाली कट्ट व्हायचं. मग मामा खडा काढून ताटाच्या काठावर असा टाकायचे की टण् वाजलंच पाहिजे. आम्ही सगळे जेवता जेवता थांबायचो. मामा म्हणायचे, "एवढा लख्ख उजेड दिलाय. तरी खडा?"

मामी दुसरा भात वाढायची. मामा तसे वाईट नव्हते हो, तिला कधी टाकून बोलले नाहीत, पगार झाला की गजरा आणायचे, तिच्या माहेरच्यांना डोक्यावर घ्यायचे. पण तो टण् आवाज मला अजून ऐकू येतो, आणि अजून राग येतो.

एकदा मला राहवलं नाही. खडा वाजला आणि मी म्हटलं, "मामा, तुमचा उजेड तुमच्या ताटात पडतोय. ओट्यावर अंधार आहे." मामांचा घास हातातच राहिला. ते उठले, उष्ट्या हातानं दारापर्यंत गेले, वळून उभे राहिले आणि सगळीकडे बघितलं. दारातून खोली लख्खच दिसायची, ओटाही दिसायचा, कारण तिथं तेव्हा कुणी उभं नव्हतं. "कुठं आहे अंधार?" त्यांनी विचारलं, आणि मामीकडे बघितलं. "तुला अंधार वाटतो?"

मामीनं एकदा माझ्याकडे बघितलं. "छ्या," ती म्हणाली. "तिला चष्मा लागला असंल. वह्या तपासून तपासून."

मामा परत येऊन बसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ते नीट जेवले नाहीत. मामीनं मला मागल्या दारी गाठलं. "कशाला बोललीस? ते सगळं लय हौसेनं केलंय त्यांनी. त्यांच्या आईबापाला नाय मिळालं ते केलंय. आता स्लॅब फोडायचा का? आणि वायर वरून घ्यायची म्हटलं तर त्यांच्या जिवाला लागंल. राहू दे. पुन्हा नाय बोलायचं, तुला माझी शपथ हाय." मी शपथेत अडकले. मामी पुढेही तशीच भाकऱ्या थापत राहिली, आणि ऐंशीचं दशक सरत आलं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मामीला छातीत दुखायला लागलं आणि सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी पातळ भाताची पेज द्यायला सांगितली. मी शाळेतून थेट दवाखान्यात जाऊन बसायची, म्हणून संध्याकाळची पेज मी आल्यावर करायची असं ठरलं होतं. पण एके दिवशी मला यायला उशीर झाला. घरी आले तर स्वयंपाकघरात आवाज. मामा ओट्याशी उभे होते. मी त्यांना तिथं उभं असलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. परातीत तांदूळ घेऊन, वाकून, डोळे बारीक करून ते निवडत होते. चष्मा कपाळावर नेऊन बघितला, परत डोळ्यांवर आणला. माझी चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाले, "आलीस? जरा दिवा लाव गं."

मी म्हटलं, "मामा, दिवा लावलेलाच आहे."

त्यांचा हात परातीत थांबला. सावकाश त्यांनी मान वळवून मागे वर बघितलं, दिव्याकडे. मग पुढे, परातीकडे, ओट्याकडे, समोरच्या भिंतीवर चढलेल्या स्वतःच्या सावलीकडे. एक पाऊल बाजूला सरकले, सावलीही सरकली. काही वेळ ते असेच इकडे तिकडे होत राहिले. मग परात घेऊन मधोमध आले, दिव्याखाली पाटावर बसले आणि तांदूळ निवडायला लागले. आता खडे सापडत होते. एकेक खडा ते जमिनीवर ठेवत होते, अगदी आवाज न करता.

"ती कसं करायची गं?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "असंच," मी म्हटलं. "सावलीतच."

मामा म्हणाले, "दाढीची सावली बघितली मी. आपल्या दाढीची." आणि परातीतले तांदूळ नुसतेच इकडून तिकडे करत बसले. पेज शेवटी मीच केली.

दवाखान्यात मामीच्या उशाशी बसून मामांनी तिला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" मी तिथंच होते. मामीनं आधी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मी शपथ मोडली असं तिला वाटलं. मी मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "सांगून काय केलं असतं? स्लॅब हाय तो. पोळी हाय का परतायला?" मामा म्हणाले, "तू घरी ये. येशील त्याच्या आधी ओट्यावर दिवा लागलेला असेल." मामी हसली. "भिंतीवरनं वायर घ्याल? तुम्ही?" मामा म्हणाले, "घेईन." तिनं पेजेचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "खडा नाय लागला. कुणी निवडले?" मामा तिच्या अंगावरची चादर नीट करायला लागले, पण तिला कळलं असावं.

दुसऱ्याच दिवशी मामांनी रजा टाकून सलीमभाईंना बोलावलं. तेही आता पिकले होते. मामांनी या वेळी घमेलं मागितलं नाही, अंधारात बसले नाहीत. मला म्हणाले, "तू इथं उभी राहा. ती उभी राहायची तिथं. आणि काम कर." मी कांदा चिरायला घेतला. सलीमभाई लांब वायरीला बल्ब लावून धरत होते, आणि मामा माझ्या हातांकडे बघत होते. "डावीकडं. अजून. आता तिच्या डोळ्यांवर येतोय, खाली टोपी पाहिजे. मामी हिच्यापेक्षा उंच आहे, जरा वर घ्या." मेन रोडवरून त्यांनी लहानशी पांढऱ्या पत्र्याची टोपी आणली, आतून चकचकीत. दुकानात त्यांनी किंमत विचारली नाही की दुसरी दाखवा म्हटलं नाही, आणि मालक चहा सांगायच्या आत आम्ही बाहेर पडलो होतो.

वायर दारावरच्या बटणापासून निघून भिंतीवरून तिरकी ओट्यापर्यंत गेली. सलीमभाईंनी विचारलं, "मामा, कोपऱ्याकोपऱ्यानं घेऊ? म्हंजे एवढी दिसणार नाय. उद्या येऊन करतो." मामा म्हणाले, "आज संध्याकाळी लागला पाहिजे. दिसू द्या." दिवा लागला. ओट्यावरचा मिठाचा डबा, पोळपाट, उलथन्याचा वाकलेला दांडा, ओट्याच्या कडेला मामीच्या हातांनी झिजलेली जागा, सगळं एकदम समोर आलं. ती झिजलेली जागा मीसुद्धा तोवर पाहिली नव्हती.

मामी घरी आली नाही. त्याच आठवड्यात, सकाळी, मामा बस धरून दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. भिलाईहून सुधीर आला, वणीहून आई आली, घर माणसांनी भरलं. बायका ओट्याशी स्वयंपाक करू लागल्या आणि जी ती म्हणू लागली, "इथं दिवा किती छान आहे हो, सगळं दिसतं." मामा बाहेर व्हरांड्यात बसून ते ऐकत होते. कुणी आत येऊन सांगितलं, "मामा रडतायत," तेव्हा आई म्हणाली, "रडू द्या, मोकळे होतील." ते कशानं रडत होते हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

पुढे माझ्यासाठी स्थळ आलं. मुलाकडचं घर बघायला मामाच गेले, माझे वडील नसल्यामुळे. दारात यजमान हात जोडून उभे. मामांनी वर बघितलं नाही. हॉलमध्ये भलंमोठं झुंबरासारखं काहीतरी होतं म्हणे, त्याच्याखालून ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मुलाच्या आईला म्हणाले, "ताई, रागावू नका. जरा दिवा लावता? आणि तुम्ही रोजच्या जागी उभ्या राहता?" त्या बिचाऱ्या गोंधळून ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्या हातांवर नजर टाकली आणि मुलाला बोलावलं. "हे बघा," म्हणाले, "तुमच्या आईच्या हातावर बघा." मुलगा आधी ओशाळला, मग वाकून बघत राहिला. आठवड्यानं तो निरोप घेऊन आला, की ओट्यावर दिवा लावलाय, मामांनी येऊन बघावा. "दे मुलगी," मामा आईला म्हणाले, "याला एकदा दाखवलं तर दिसतं."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी मामांकडून माझं सामान हलवलं. हिरव्या टोपीचा दिवा मामांनी मला दिला. संध्याकाळी मी शेवटचा स्वयंपाक केला. वरण-भात, मेथीची भाजी, भाकरी. मामा आपल्या जागी येऊन बसले, मधोमध, दाराकडे तोंड, ओट्याकडे पाठ. मामी गेल्यापासून मधला दिवा त्यांनी लावलाच नव्हता, घरात कुणालाही लावू देत नसत. ओट्यावरचा दिवा तेवढा चालू. तो आता त्यांच्या पाठीमागे होता, आणि त्यांच्या ताटावर त्यांचीच सावली पडली होती. वरण कुठं आणि भात कुठं हे मला उभ्यानं नीट कळत नव्हतं.

"मामा, आजच्या दिवस मोठा दिवा लावू का?" मी म्हटलं. "ताटात काही दिसत नाहीये तुम्हाला."

"नको," मामा म्हणाले. "सवय झाली म्हणजे दिसतं."

मी भात वाढला. त्यांनी कालवला, घास घेतला, आणि मला कट्ट असा आवाज ऐकू आला. मी वाढायची पळी हातात धरून थांबले. मामांनी डाव्या हातानं खडा काढला, पाटाच्या कडेला हळूच सरकवला आणि खाली मान घालून म्हणाले, "भात छान झालाय गं. अजून वाढ."